उन्हातला न दिसणारा भाग झाडांना काय सांगतो?

पर्णरेषा

खिडकीच्या काचेआड वाढवलेली रोपं पहिल्यांदा उघड्यावर ठेवली की दोन-तीन दिवसांत त्यांची पानं पांढुरकी पडतात, कागदासारखी होतात. ज्यांनी ज्यांनी रोपं केली आहेत त्यांनी हे पाहिलेलं असतं. आपण म्हणतो, ऊन सोसलं नाही. पण खिडकीशीही ऊन होतंच. मग बाहेर नवीन काय भेटलं? प्रखरता वाढली, वारा लागला, हे खरंच. पण त्याबरोबर असं एक काहीतरी भेटलं जे त्या पानांना जन्मापासून कधीच भेटलं नव्हतं. साधी काच ते जवळजवळ पूर्ण अडवते. त्याचं नाव यूव्ही-बी, उन्हातल्या न दिसणाऱ्या अतिनील (अल्ट्राव्हायोलेट) किरणांचा एक पट्टा.

वनस्पतिशरीरक्रियाशास्त्र हा माझा विषय. या एका किरणपट्ट्यावर गेली कित्येक वर्षं मी वाचते आहे आणि आज मनापासून लिहावंसं वाटलं. माझं म्हणणं एवढंच आहे की झाडासाठी यूव्ही-बी हा आधी निरोप आहे आणि मग घाव. संशोधनाने मात्र हे उलट्या क्रमाने शिकून घेतलं, आणि त्याला कारण झाले प्रयोगशाळेतले दिवे.

थोडी पार्श्वभूमी. जांभळ्याच्या पलीकडे न दिसणारा प्रकाश असतो हे योहान रिटरने १८०१ मध्ये सिल्व्हर क्लोराइड काळं पडतं त्यावरून दाखवलं. आज त्याचे तीन भाग करतात. ३१५ ते ४०० नॅनोमीटर म्हणजे यूव्ही-ए, २८० ते ३१५ म्हणजे यूव्ही-बी, आणि त्याहून आखूड लांबीचा तो यूव्ही-सी. यूव्ही-सी वातावरणातच संपतो. यूव्ही-बीचा बराचसा भाग ओझोन शोषून घेतो. जमिनीवर पोहोचणाऱ्या अतिनीलात सुमारे ९५ टक्के यूव्ही-एच असतो.

१९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी तेव्हा फ्रिजमध्ये वापरल्या जाणाऱ्या क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंमुळे ओझोन नष्ट होईल असं मांडलं आणि साहजिकच प्रश्न आला की पिकांचं काय होणार. प्रयोगशाळांनी अतिनील दिवे लावले, खाली रोपं ठेवली. निकाल भीतीदायक होते. खुरटलेली रोपं, वळलेली पानं, मंदावलेलं प्रकाशसंश्लेषण.

यात खोट कोणाच्या प्रामाणिकपणात नव्हती, मांडणीत होती. त्या बंद कक्षांमध्ये दिसणारा प्रकाश खऱ्या उन्हाच्या मानाने फार मंद असे, आणि यूव्ही-ए तर जवळपास नसेच. आता हे बघा: यूव्ही-बीमुळे डीएनएमध्ये शेजारशेजारचे दोन थायमिन (डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक) एकमेकांना चिकटतात. ही गाठ सोडवणारं एक विकर (एन्झाइम) झाडांकडे असतं, फोटोलायेज. आणि ते चालतं कशावर? निळ्या प्रकाशावर आणि यूव्ही-एवर! म्हणजे त्या कक्षात झाडाला एका हाताने मारत होते आणि दुसऱ्या हाताने त्याचं औषध काढून घेत होते.

प्रकाशाने होणारी ही दुरुस्ती आधीपासून माहीत होती. १९४९ मध्ये आल्बर्ट केल्नर अतिनील मारा केलेल्या जिवाणूंवर काम करत होते आणि त्यांचे आकडे काही केल्या जुळेनात. कधी थोडेच जिवाणू जगत, कधी भरपूर. आधी तापमानाचा संशय घेतला. शेवटी लक्षात आलं की ज्यांच्यावर साधा उजेड पडत होता ते सावरत होते. तरीही वनस्पतींच्या प्रयोगांत या गोष्टीचं वजन उमगायला बराच काळ गेला.

ते उमगण्यात युटा स्टेट विद्यापीठातल्या मार्टिन कॉल्डवेल यांचा मोठा वाटा. कोणती तरंगलांबी झाडावर किती परिणाम करते याचा आलेख त्यांनी १९७१ मध्ये मांडला. पुढे त्यांनी प्रयोग उघड्या आभाळाखाली नेले आणि ढग आला की दिवेही त्या प्रमाणात मंद होतील अशी यंत्रणा वापरली. ऊन खरं, आणि वरून फक्त नेमका तेवढाच जास्तीचा यूव्ही-बी. अशा शेतातल्या प्रयोगांचा एकत्रित आढावा सर्ल्स, फ्लिंट आणि कॉल्डवेल यांनी २००१ मध्ये घेतला. प्रकाशसंश्लेषणावर म्हणावा असा परिणाम नाही, पानांचं क्षेत्रफळ आणि वाढ थोडी कमी. सगळ्यांत ठळक बदल कोणता, तर पानातली अतिनील शोषणारी द्रव्यं सुमारे १० टक्क्यांनी वाढलेली. म्हणजे झाड नुसतं भाजत बसलं नव्हतं, त्याने छत्री उघडली होती.

पण छत्री उघडायची तर पाऊस आल्याचं आधी कळावं लागतं. झाडाला यूव्ही-बी कळतो कसा, हे कोडं मात्र २०११ पर्यंत सुटलं नव्हतं. त्याबद्दल खाली लिहिते, हात दुखले.

आजोबांची_बाग

ताई, फार सुंदर धागा. वाचनखूण साठवली आहे. मी नुसता हौशी माणूस, माझा प्रश्न अगदी कामाचा आहे. रोपांचं हार्डनिंग करताना आम्ही त्यांना रोज थोडा थोडा वेळ बाहेर ठेवतो. त्या आठ-दहा दिवसांत पानाच्या आत नेमकं काय होतं? मी इतकी वर्षं हे करतो आहे, पण कारण कधी कळलं नाही.

पर्णरेषा

काका, याच प्रश्नात माझा उरलेला अर्धा लेख आहे.

पानाच्या पेशींमध्ये यूव्हीआर८ नावाचं प्रथिन असतं. एरवी त्याचे दोन सारखे रेणू तोंडाला तोंड लावून जोडीने असतात. यूव्ही-बी पडला की ही जोडी सुटते. सुटा झालेला रेणू सीओपी१ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला धरतो आणि तिथून पुढे कितीतरी जनुकं जागी होतात. फ्लॅव्होनॉइड (अतिनील शोषणारी ती द्रव्यं) बनवणारी, डीएनए दुरुस्त करणारी, खोडाची लांबण आवरणारी. काम झालं की आरयूपी१ आणि आरयूपी२ ही प्रथिनं त्या सुट्या रेणूंची पुन्हा जोडी लावून देतात आणि कुलूप बंद होतं.

मला यातलं सगळ्यांत विलक्षण वाटतं ते वेगळंच. लाल किंवा निळा प्रकाश ओळखणाऱ्या झाडाच्या प्रथिनांना त्यासाठी वेगळा रंगरेणू चिकटवून घ्यावा लागतो. यूव्हीआर८ला काहीच लागत नाही. त्याच्या स्वतःच्या साखळीतली ट्रिप्टोफॅन नावाची अमिनो आम्लंच, विशेषतः २८५ क्रमांकाचं, यूव्ही-बी टिपतात. २००२ मध्ये अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपाचा एक उत्परिवर्तित वाण सापडला, जो यूव्ही-बीखाली फारच हळवा होता. तिथून या जनुकाचं नाव आलं. २०११ मध्ये रोमान उल्म आणि गॅरेथ जेन्किन्स यांच्या गटांनी दाखवलं की हेच ते संवेदक. पुढच्याच वर्षी दोन वेगवेगळ्या गटांनी त्याची स्फटिकरचना उलगडली.

आता तुमचं हार्डनिंग. पहिल्या दिवशी पानाच्या वरच्या पेशीथरात फ्लॅव्होनॉइड फार थोडी असतात, कारण काचेआड निरोपच आलेला नव्हता. थोडा वेळ बाहेर ठेवलं की जोड्या सुटतात, कारखाना सुरू होतो, आणि ही द्रव्यं वरच्या थरातल्या पेशींच्या रिक्तिकांमध्ये (पेशीतल्या द्रवाच्या पिशव्यांमध्ये) साठू लागतात. त्यांचं वैशिष्ट्य असं की ती अतिनील गाळतात, पण प्रकाशसंश्लेषणाला लागणारा लाल-निळा प्रकाश आत जाऊ देतात. बरोबरीने पान जाड होतं, पेरं आखूड होतात, प्रखर उजेड सोसण्याच्या बाकीच्या व्यवस्थाही उभ्या राहतात. तुम्ही रोज थोडं थोडं ऊन देता म्हणजे छत्री शिवायला वेळ देता. एकदम दिवसभर ठेवलं तर शिवून व्हायच्या आत पान जातं. आणि जळलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही, पण नंतर फुटणारं पान तयारीनिशीच फुटतं. त्यामुळे शेंडा जिवंत असेल तर रोप फेकू नका.

साशंक

लेख आवडला, पण मला दोन ठिकाणी अडतंय. मी भौतिकशास्त्राचा माणूस आहे.

पहिलं, ३०० नॅनोमीटरच्या एका फोटॉनची ऊर्जा सुमारे ४.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट, तर ६६० नॅनोमीटरच्या लाल फोटॉनची १.९. दुपटीहून जास्त. इतक्या ऊर्जेचा फोटॉन जैविक रेणूंना इजा करणारच. तेव्हा "आधी निरोप, मग घाव" हे मला जरा गोड वाटतं. दुसरं, शेतातल्या प्रयोगांत परिणाम लहान दिसले म्हणून धोका लहान होता असं म्हणायचं का? सरासरीत खूप काही दडतं.

पर्णरेषा

दुसरा मुद्दा शंभर टक्के मान्य. तो मी मूळ लेखात लिहायलाच हवा होता.

सोयाबीनचं उदाहरण घ्या. मेरीलँड विद्यापीठात अ‍ॅलन टेरामुरा आणि सहकाऱ्यांनी सहा वर्षं शेतात प्रयोग केला. ओझोन २५ टक्के कमी झाला तर जितका यूव्ही-बी वाढेल तितका दिव्यांनी दिला. एसेक्स नावाच्या वाणाचं उत्पन्न चांगलंच घटलं, काही वर्षी पाचवा हिस्सा गेला. विल्यम्स नावाच्या वाणाचं घटलं नाही, उलट काही वर्षी वाढलं. पीक तेच आणि शेतही तेच होतं. दोघांची सरासरी काढली असती तर "परिणाम नाही" असं छापून आलं असतं.

भाताचं उदाहरण तर याहून नेमकं आहे. जपानमधले सासानिशिकी आणि नोरिन १ हे जवळच्या नात्यातले वाण. पहिला यूव्ही-बीला टिकाऊ, दुसरा हळवा. जून हिदेमा आणि तादाशी कुमागाई यांनी याचा माग काढला तेव्हा कारण फोटोलायेजमध्ये सापडलं. त्या विकराच्या साखळीतलं फक्त एक अमिनो आम्ल बदललेलं होतं. तेवढ्याने गाठी सोडवण्याचं काम मंदावतं आणि रोप खुरटतं.

पहिल्या मुद्द्यावर मात्र मी माझी बाजू सोडत नाही. इजा होतेच. भर उन्हातल्या पानात गाठी सतत पडत असतात आणि सतत सुटत असतात. पण यूव्हीआर८ इतक्या थोड्या यूव्ही-बीला जागं होतं की नुकसान जाणवण्याच्या कितीतरी आधी छत्री शिवायला घेतलेली असते. नुकसान झाल्यावर धावपळ करणारी दुसरी यंत्रणाही झाडाकडे आहे, ती जास्त मात्रेला चालू होते. दोन्ही वेगळ्या आहेत, म्हणूनच मी निरोप आणि घाव असे दोन शब्द वापरले.

आणखी एक. वर दुसऱ्या झाडाची पानं असतील तर ती यूव्ही-बी गिळून टाकतात. त्यामुळे यूव्ही-बी येतोय याचा अर्थ डोक्यावर आभाळ मोकळं आहे. सावलीत रोप उजेडाच्या शोधात लांबत जातं, आणि यूव्ही-बी मिळाला की ते लांबणं थांबवतं, कारण पोहोचायचं तिथे ते पोहोचलेलं असतं. हे इजेच्या भाषेत सांगताच येत नाही.

साशंक

सोयाबीन आणि भात, दोन्हीबद्दल आभार. मोकळ्या आभाळाचा मुद्दा मला पटला. एका पट्ट्यावरून छताचा अंदाज बांधणं हे भौतिकशास्त्राच्या नजरेतूनही चोख आहे.

नीलकिरण

या धाग्यावर एका प्रयोगाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. मला पुराजीवशास्त्राची ओढ आहे आणि हा प्रयोग मी आजवर अनेकांना सांगितला आहे.

२५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी, पर्मियन कालखंडाच्या शेवटी, पृथ्वीवरचा आजवरचा सर्वांत मोठा संहार झाला. त्या काळच्या खडकांमध्ये बिघडलेले परागकण सापडतात. पाइनसारख्या शंकूधारी झाडांच्या परागकणाला एरवी हवेच्या दोन पिशव्या असतात. या जीवाश्मांमध्ये कुठे तीन, कुठे चार, कुठे वेड्यावाकड्या. सायबेरियातल्या प्रचंड ज्वालामुखींतून बाहेर पडलेल्या वायूंनी ओझोन खाऊन टाकला आणि अतिनीलाने परागकण बिघडवले, असा एक तर्क होता. पण तर्क खरा की नाही हे कसं ठरवणार? तो काळ परत आणता येत नाही.

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या जेफ्री बेन्का या तरुण संशोधकाने जिवंत झाडं घेतली. पायनस म्यूगो या डोंगरी पाइनचा एक ठेंगणा वाण, जेमतेम दीड फुटाची झाडं, एकूण ६०. ती कक्षात ठेवून दोन महिने त्यांना वेगवेगळ्या मात्रांचा यूव्ही-बी दिला. सर्वांत मोठी मात्रा आजच्या नैसर्गिक मात्रेच्या कैक पट होती. मग परागकण मोजले. बिघडलेल्या कणांचं प्रमाण कितीतरी पटींनी वाढलं होतं, आणि बिघाड जीवाश्मांमध्ये दिसतात तसेच होते. हा भाग अपेक्षित म्हणता येईल.

अपेक्षित नव्हतं ते पुढे. एकही झाड मेलं नाही. सुया हिरव्या, खोड ठणठणीत. पण बी धरणारे कोवळे शंकू वाळून गेले. दिसायला धडधाकट आणि तरीही वांझ असं झाड तिथे उभं होतं. झाडं पुन्हा साध्या उन्हात नेली तेव्हा पुढच्या हंगामांत शंकू परत धरू लागले. हे काम २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं, सिंडी लूय आणि इवो डाउन्स्टे हे सहलेखक.

मला हे वाचून कित्येक दिवस चैन पडली नव्हती. जंगल संपायला झाडं मरावी लागत नाहीत. ओझोनचं कवच वारंवार विरळ होत राहिलं आणि दर वेळी पुनरुत्पादन खुंटलं, तर हिरवीगार उभी असलेली जंगलंही आतून रिकामी होत जातील. बेन्का यांचं म्हणणं साधारण हेच होतं.

पुढे २०२० मध्ये जॉन मार्शल यांच्या गटाने ३५ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीच्या, डेव्होनियन काळाच्या शेवटच्या खडकांमध्येही बिघडलेले बीजाणू दाखवले. त्यांच्यावरचे काटे वेडेवाकडे झालेले, आणि काहींच्या भिंती गडद रंगलेल्या, जणू स्वतःला झाकून घेण्यासाठी.

पर्णरेषा

नीलकिरण, हे इतकं छान लिहिलंत. गडद भिंतींवरून आठवलं: परागकणाच्या कवचात पी-कूमारिक आम्लासारखी अतिनील शोषणारी द्रव्यं असतात आणि कवच लाखो वर्षं टिकतं. त्यामुळे जुन्या परागकणांतलं त्यांचं प्रमाण मोजून त्या काळी किती यूव्ही-बी पडत असेल याचा अंदाज बांधण्याचे प्रयत्न चालू आहेत. म्हणजे मी वर ज्या छत्रीबद्दल बोलते आहे, तिचे अवशेष खडकात आहेत.

फक्त एक सांगते. बेन्का यांचा प्रयोगही बंद कक्षातलाच, त्यामुळे दिव्याखालच्या मात्रा आणि उन्हातल्या मात्रा यांची तुलना जपून करायला हवी. पण त्यांचा प्रश्न "किती नुकसान" हा नव्हता, "कोणत्या प्रकारचं नुकसान" हा होता, आणि त्याचं उत्तर मला भक्कम वाटतं.

दुपार

विषय थोडा बाजूचा, पण सांगणं गरजेचं वाटतं. हा धागा वाचून कोणी घरी अतिनील दिवा आणायच्या विचारात असेल तर कृपया हे वाचा.

विद्यार्थिदशेत मी एका प्रयोगशाळेत अशा दिव्यांखालच्या रोपांची मोजमापं घेत होते. चष्मा न घालता, "दोनच मिनिटं" म्हणून वाकले. तेव्हा काहीही जाणवलं नाही. रात्री झोपेतून उठले ती डोळ्यांत मूठभर वाळू टाकल्यासारखी. डोळे उघडता येईनात, पाण्याच्या धारा, उजेड अजिबात सहन होईना. दोन दिवस अंधाऱ्या खोलीत काढले. सुदैवाने नजर पूर्ण बरी झाली. तिथे दारावर ना सूचना होती ना संरक्षक चष्मे टांगलेले. त्याचा राग मला अजून येतो, कारण माझ्यानंतर आलेल्या मुलीलाही तेच झालं.

यूव्ही-बी दिसत नाही, ऊब देत नाही, आणि दुखणं काही तासांनी येतं. म्हणून माणूस फसतो. झाडाकडे ते ओळखणारं प्रथिन आहे. आपल्या डोळ्यांना तशी कोणतीच सूचना मिळत नाही.

पर्णरेषा

दुपार, हे लिहिल्याबद्दल खरंच आभार. आणि भर घालते: फोटोलायेजसुद्धा आपल्याकडे नाही. जिवाणूंपासून झाडांपर्यंत आणि कांगारूंपर्यंत ते आहे, पण आपण ज्या गटात मोडतो त्या अपरायुक्त (पोटातला गर्भ वारेतून पोसणाऱ्या) सस्तन प्राण्यांनी ते उत्क्रांतीच्या ओघात गमावलं. आपल्या पेशी तो बिघाडाचा तुकडा कापून काढून नवा भरतात, पण ते काम संथ आहे. २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल डीएनए दुरुस्तीच्या कामासाठी मिळालेल्या तिघांपैकी अझीझ सांजार यांनी या दोन्ही यंत्रणांवर आयुष्य घालवलं.

कोंब

किड्यांचं काय? माझ्या अनुभवात जाळीखाली, सावलीत ठेवलेल्या झाडांवर किडी जास्त पडतात. हा योगायोग की यात अतिनीलाचा काही हात?

पर्णरेषा

हात आहे, आणि दोन बाजूंनी आहे. अर्जेंटिनातले कार्लोस बायारे आणि त्यांचे सहकारी यांनी यावर वर्षानुवर्षं शेतात काम केलं आहे. त्यांची पद्धत साधी: दिवे लावायचेच नाहीत. दोन प्रकारच्या फिल्म, एक यूव्ही-बी जाऊ देणारी आणि एक अडवणारी. ज्या झाडांवरून यूव्ही-बी काढून घेतला त्यांची पानं किडींनी जास्त खाल्ली. एक कारण असं की यूव्ही-बी मिळालेल्या पानात किडीला न मानवणारी द्रव्यं वाढतात, आणि जखमेनंतर जागी होणारी जास्मोनिक आम्लाची संरक्षण साखळीही जास्त जोमाने चालते. दुसरं कारण किडीचं स्वतःचं आहे. सोयाबीनवरचे फुलकिडे यूव्ही-बी ओळखून त्यापासून दूर सरकतात, असं त्यांना दिसलं.

याच गटाने टिएरा देल फ्वेगोमध्ये, जिथे वसंतात ओझोनचं छिद्र डोक्यावरून सरकतं, तिथल्या गनेरा मॅजेलॅनिका या रानवनस्पतीच्या पानांत डीएनएच्या गाठी मोजल्या. ज्या दिवशी यूव्ही-बी जास्त, त्या दिवशी गाठी जास्त. १९९९ मध्ये ते छापून आलं. आभाळातला फरक पानात थेट वाचता आला, तोही दिव्यांशिवाय.

सावलीत किडी वाढायला बाकीची कारणंही असतात, हवा खेळत नाही, पानं लुसलुशीत राहतात. म्हणून तुमच्या जाळीचा सगळा दोष अतिनीलावर टाकणार नाही.

नीलकिरण

किड्यांचाच विषय आहे तर सूर्यफूल! आपल्याला त्याच्या पाकळ्या एकसारख्या पिवळ्या दिसतात. मधमाशीला अतिनील दिसतो, त्यामुळे तिला मध्याभोवती गडद वर्तुळ दिसतं. पाकळ्यांच्या बुडाशी फ्लॅव्होनॉल (फ्लॅव्होनॉइडचाच एक प्रकार) साठलेली असतात आणि ती अतिनील गिळतात. २०२२ मध्ये मार्को तोदेस्को आणि लॉरेन रीसबर्ग यांच्या गटाने या वर्तुळाचा आकार ठरवणारं जनुक शोधलं आणि असंही दाखवलं की कोरड्या हवेतल्या रानसूर्यफुलांमध्ये वर्तुळ मोठं असतं, कारण ती द्रव्यं पाणी टिकवायलाही मदत करत असावीत. एकच द्रव्य छत्री, पाहुण्यांसाठी पाटी आणि पाण्याची राखण अशी तिन्ही कामं करतं.

प्रयोगवही

मी शाळेत विज्ञान शिकवते. तो दोन फिल्मचा प्रयोग मुलांकडून करून घेता येईल का? दिवे नकोतच, वरचा अनुभव वाचून तर मुळीच नको. आमच्याकडे अतिनीलात रंग बदलणारे मणी आहेत, त्यांनी फिल्म तपासता येईल असं वाटतं.

पर्णरेषा

नक्की करा! माझ्या मते शाळेत करता येणाऱ्या सर्वांत प्रामाणिक प्रयोगांपैकी हा आहे.

अडवणारी फिल्म म्हणून पारदर्शक पॉलिएस्टर चालते, ती साधारण ३१५ नॅनोमीटरच्या खालचं अडवते. जाऊ देणारी म्हणून साधं पातळ पॉलिथीन घ्या. मात्र हरितगृहाचं नको, त्यात बहुधा अतिनील शोषणारी द्रव्यं मिसळलेली असतात. एका गटावर काहीच फिल्म ठेवू नका, पण खरी तुलना दोन फिल्मखालच्या गटांचीच. उघड्या रोपांशी तुलना केली तर फिल्मखालची ऊब आणि अडलेला वारा यांचा परिणाम अतिनीलाच्या नावावर जाईल. चौकट रोपांच्या वर उंच ठेवा, बाजू मोकळ्या सोडा, पण फिल्म इतकी रुंद घ्या की तिरपं ऊन बाजूने शिरणार नाही. कुंड्यांच्या जागा दर दोन दिवसांनी बदला.

मण्यांबद्दल सावध राहा. ते मुख्यतः यूव्ही-एला रंग बदलतात. पॉलिएस्टर यूव्ही-ए बराचसा जाऊ देतं, त्यामुळे दोन्ही फिल्मखाली मणी रंगतील आणि मुलांना वाटेल की फिल्म काम करत नाही. मी स्वतः या गोंधळात एक आठवडा घालवला आहे.

रोप म्हणून लाल पानांचं लेट्यूस घ्या. त्याचा लाल रंग अँथोसायनिनचा असतो आणि यूव्ही-बी काढून घेतला की तो फिका पडतो. मुलांना डोळ्यांनी फरक दिसतो. बरोबरीने पानांची लांबी मोजा आणि पानांवरची किडीची भोकं मोजा. पेरणीपासून फिल्मखालीच ठेवा, नाहीतर आधी शिवलेली छत्री मध्ये येईल.

प्रयोगवही

सगळं लिहून घेतलं. पानांची लांबी मुलं नक्की चोख मोजतील. निकाल आले की इथेच टाकते, फरक दिसला नाही तरी टाकते.

साशंक

शेवटचा प्रश्न, मग थांबतो. झाड जिवंत असताना छत्री, दुरुस्ती वगैरे. पान गळून पडल्यावर? तिथे निरोप घ्यायला कोणी उरलेलं नसतं. आणि ओझोन नष्ट करणारी रसायनं आवरणारा माँट्रियल करार झाला नसता तर एकूण हिरवाईचं काय झालं असतं, याचा कोणी हिशोब केला आहे का?

पर्णरेषा

दोन्ही प्रश्नांची उत्तरं कार्बनपाशी येऊन मिळतात.

गळलेलं पान कुजतं ते जिवाणू आणि बुरशीमुळे, असं आपण शिकतो. पॅटागोनियाच्या कोरड्या गवताळ भागात एमी ऑस्टिन आणि लुसिया विवांको यांनी पाचोळ्यावर फिल्म लावून पाहिलं. नुसता यूव्ही-बी अडवला तर कुजणं ३३ टक्क्यांनी घटलं, आणि सगळंच ऊन अडवलं तर ६० टक्क्यांनी. हे काम २००६ चं. कोरड्या जागी पाचोळा ऊनच तोडतं आणि त्यातला कार्बन मातीत न मुरता हवेत जातो. तुमचा मुद्दा बरोबर आहे, तिथे निरोप उरत नाही, फक्त रसायन उरतं.

माँट्रियल करार १९८७ चा. फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी अंटार्क्टिकावरची ओझोनची घट जाहीर केल्याला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. २०२१ मध्ये लँकेस्टर विद्यापीठाच्या पॉल यंग यांच्या गटाने हिशोब मांडला की करार नसता तर या शतकाच्या अखेरीस झाडं आणि माती मिळून ३२५ ते ६९० अब्ज टन कार्बन कमी साठलेला असता, आणि नुसत्या त्यापोटी अर्धा ते एक अंश सेल्सिअस जादा तापमानवाढ झाली असती. इतक्या मोठ्या यूव्ही-बीखाली झाडांची वाढ किती घटते, हा त्या हिशोबातला कळीचा आकडा. त्याबद्दल आपल्याला जे माहीत आहे ते आलं कुठून? याच शेतांतल्या प्रयोगांतून. फिल्म बदलत, दिवे मंद-प्रखर करत, पानं मोजत माणसांनी उन्हातान्हात काढलेल्या वर्षांतून. म्हणून पानांची लांबी मोजणाऱ्या त्या मुलांच्या वहीची मी खरंच वाट बघते आहे.

आजोबांची_बाग

ताई, मी उद्यापासून रोपं बाहेर काढणार आहे. पहिल्या दिवशी सकाळचा एक तास, बरोबर ना? की दुपारच्या आधी थोडं जास्त चालेल?

पर्णरेषा

सकाळचा एक तास, काका. सूर्य खाली असताना किरण ओझोनमधून तिरपे, लांबचा रस्ता कापत येतात, त्यामुळे यूव्ही-बी फार कमी असतो. तो वाढतो दुपारच्या आसपास. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून हळूहळू तिकडे सरका. आणि ढगाळ दिवसापासून सुरुवात करता आली तर उत्तमच.